चे बोंग न्गा खरंच हिंदू राजा होता का, आणि त्याने हनोई लुटलं होतं का?

हो, दोन्ही खरंय. फक्त "हिंदूंनी बौद्धांना हरवलं" असा जो रंग देतात ना, तो काही पटत नाही. चे बोंग न्गा चंपाचा राजा, चंपा म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममधलं चाम लोकांचं राज्य. तिथल्या राजांचं दैवत शिव, मी-सोनची प्राचीन देवळं त्यांचीच, पण उत्तरेच्या व्हिएतनामींशी त्यांचं हे भांडण जमिनीचं होतं. 1306 मध्ये चंपाच्या जय सिंहवर्मनने व्हिएतनामी राजकन्येशी लग्न केलं आणि बदल्यात ह्युएच्या आसपासचे दोन प्रांत देऊन टाकले. पुढच्याच वर्षी राजा वारला, राणीला सती जावं लागू नये म्हणून माहेरच्यांनी पळवून नेलं, प्रांत मात्र परत द्यायचं नावच नाही! तेच परत मिळवायला पुढचे चाम राजे धडपडत राहिले.

चे बोंग न्गा साधारण 1360 ला गादीवर आला. त्याची ताकद आरमारात. 1371 मध्ये समुद्रातून थेट नदीत घुसून थांग लाँग, म्हणजे आजचं हनोई, गाठलं, राजवाडे जाळले, लूट घेऊन परत.

खरी मजा 1377 ची. त्याने तह करायला म्हणून दहा ताटं सोनं पाठवलं होतं, ते सरहद्दीवरच्या दो तू बिन्ह नावाच्या अधिकाऱ्याने गिळलं आणि दरबारात कळवलं की चे बोंग न्गा माजलाय. झालं, सम्राट झुए तोंग चिडला आणि व्हिएतनामी बखरीनुसार 1,20,000 फौज घेऊन स्वतः चंपाच्या राजधानीवर, विजयवर (आजच्या क्वी न्योनजवळ) चालून गेला. तिथे एक चाम माणूस शरण आला आणि म्हणाला, राजा पळालाय, शहर रिकामं आहे. सेनापती दो ले याने परत परत सांगितलं की हा डाव असणार, तर सम्राटाने त्याला भित्रा ठरवून बायकांचे कपडे घालायला लावले! आणि घुसला. फौज लांबलचक रांगेत विस्कळीत झाल्यावर चाम दोन्हीकडून तुटून पडले, सम्राटही मेला आणि दो लेही. ज्याने सोनं गिळलं तो मागे होता, मदतीला आलाच नाही, आणि जिवंत परतला.

त्याच वर्षी चामांनी थांग लाँग परत लुटलं, 1378 ला पुन्हा. 1383 ला चाम चालून आले तेव्हा माजी सम्राट न्घे तोंग नदीपलीकडे पळायला निघाला, एक पंडित अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात उतरून नाव ओढत राहिला की थांबा, लढा, पण म्हातारा काही ऐकला नाही. माझ्या मते चे बोंग न्गाच्या यशात अर्धा वाटा या असल्या दरबाराचाच.

शेवट फितुरीने झाला. 1390 च्या सुरुवातीला नदीवर शंभरेक जहाजं घेऊन पुढे आला असताना शिक्षेच्या भीतीने त्याचाच एक हलका अधिकारी शत्रूला मिळाला आणि राजाचं हिरवं जहाज कुठलं ते दाखवलं, तोफा सगळ्या तिकडेच वळल्या आणि चे बोंग न्गा मारला गेला. त्याचा सेनापती ला खाई परत जाऊन स्वतःच राजा झाला आणि चे बोंग न्गाच्या मुलांनी आसरा कुठे घ्यावा, तर व्हिएतनामी दरबारात. 1471 ला राजधानी विजयही व्हिएतनामींच्या हाती पडली. चाम लोक आजही आहेत, फान रांगला पो क्लोंग गाराई देवळात काते सण करतात, आणि ते देऊळ बांधणारा तोच, लग्नात दोन प्रांत देऊन बसलेला जय सिंहवर्मन.