मुलगी आता बरी दिसते, मग बायपोलरच्या गोळ्या बंद कराव्यात का?

बायपोलरचे, म्हणजे कधी उन्माद (अतिउत्साहाचा झटका) तर कधी खोल उदासी आणणाऱ्या आजाराचे, निदान झालेली तुमची १६ वर्षांची मुलगी लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावर सावरली आहे, बारावीचे वर्ष तोंडावर आहे आणि नातेवाईक ‘आता गोळ्या पुरेत’ म्हणत आहेत, तेव्हा काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला दहावीत असताना हाच आजार निघाला आणि तेव्हापासून त्याचे औषधपाणी मीच पाहतो.

गोळ्या परस्पर बंद करू नका. ती बरी दिसते ती बहुधा गोळ्या चालू आहेत म्हणूनच, आणि लिथियम एकदम थांबवले तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. डोस कमी करायचाच झाला तर तो मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सावकाश, आणि माझ्या मते परीक्षा पार पडल्यावरच करावा.

घरच्यांनी खरे लक्ष घालायचे ते रक्तातल्या लिथियमच्या पातळीकडे. ती साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते, म्हणजे उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे, नाहीतर आकडा फसवा येतो. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी होतात. हे सारे आकडे मी एका वहीत तारखेनिशी लिहितो आणि शेजारच्या रकान्यात त्याच्या झोपेचे तास.

शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की लिथियमची पातळी चढते. म्हणून हरतालिकेचा निर्जळी उपवास तिला करू देऊ नका, आजी कितीही रुसल्या तरी. पाळीत पोट दुखले म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडच्या किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांनीही पातळी वाढू शकते. त्याऐवजी काय चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणे, बोलणे अडखळणे, चालताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठा; रात्र असेल तर थेट रुग्णालयात न्या.

बारावीचा अभ्यास असला तरी जागरण नको. झोप तुटली की उन्माद उसळू शकतो, आणि झोप कमी होऊनही थकवा न जाणवणे हीच पुष्कळदा त्याची पहिली खूण असते. उदासी आली तर दुसऱ्याच डॉक्टरांकडून नुसती नैराश्याची गोळी आणू नका. तिच्यानेही उन्माद उफाळू शकतो.

गोळ्यांचा साठा मात्र तुमच्याच ताब्यात असू द्या, कारण एकदम घेतलेले जास्त लिथियम जिवावर बेतते. ती मरणाची भाषा बोलू लागली तर तिला एकटे सोडू नका, तिच्या डॉक्टरांना लगेच कळवा. ते भेटले नाहीत तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.