आळं गोल की चौकोनी?

पंधरवड्यात आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या आकारांबद्दलच्या. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न : मिरचीच्या वाफ्यावर तांब्याच्या तारेचा पिरॅमिड ठेवला तर उगवण वाढते का? गावात एक जण विकायला येतो.

उत्तर : नाही. त्याला म्हणा, एकाच पाकिटातलं बी अर्ध्या वाफ्यात पिरॅमिडखाली टाक, अर्ध्यात उघड्यावर, आणि आठ-दहा दिवसांनी पैसे न्यायला ये. येणार नाही. घेऊन बसला असाल तर वरून जुनं लुगडं टाका, सावली तरी होईल.

प्रश्न : वावर वाघमुखी आहे, म्हणजे पुढे रुंद आणि मागे चिंचोळं. म्हणून कपाशी खुरटते का?

उत्तर : तोंडाचा दोष नाही. चिंचोळ्या टोकाला पाणी साचतं का, धुऱ्यावरच्या बाभळीची सावली पडते का, ते पाहा. माती तपासून घ्या.

प्रश्न : सूर्यफुलात ३४ आणि ५५ वळणं असतात. त्याच सुवर्ण प्रमाणात (रुंदीच्या साधारण १.६ पट लांबी) वाफे पाडले तर?

उत्तर : सूर्यफुलाचं खरं आहे. प्रत्येक नवा दाणा आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशांवर धरतो, त्यामुळे चकतीत जागा वाया जात नाही. पण ते झाडाच्या वाढीचं गणित, कुदळीचं नव्हे. वाफा चार फुटांहून रुंद नको, दोन्हीकडून निंदायला हात पोचला पाहिजे. लांबी उतार ठरवेल.

प्रश्न : संत्र्याला गोल आळं बरं की चौकोनी? काही झाडांच्या बुंध्यातून दोन वर्षांपासून डिंक येतोय. (वरुड तालुका)

उत्तर : दोन वर्षं! आणि विचारताय आळ्याच्या आकाराचं. गोल करा नाहीतर चौकोनी, पाणी खोडाला लागता कामा नये. आपल्या भारी काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी तुंबलं की फायटोफ्थोरा बुरशीला आयतंच फावतं. हाच डिंक्या. मागे एका बगिच्यात परकाराने आखल्यासारखी गोल आळी पाहिली, पाणी थेट बुंध्यावर. कलमाचा जोड मातीखाली गाडलेला. बोटाने उकरलं तर साल ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली.

दुहेरी आळं करा. बुंध्याला मातीची भर, तिच्याभोवती एक वरंबा, झाडाच्या घेराशी दुसरा, पाणी दोहोंच्या मधे. पाणी ओढणारी बारीक मुळं तिथेच असतात. जोड जमिनीच्या वीतभर वर हवा. कुजलेली साल खरवडून बोर्डो मलम लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. कृषी केंद्रवाल्याचं टॉनिक ओतू नका. किती झाडं वाचतील ते इथे बसून सांगणार नाही. मुळं आणि माती पिशवीत घेऊन याच आठवड्यात नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

प्रश्न : षटकोनी लागवडीत झाडं जास्त बसतात म्हणे?

उत्तर : बसतात, चौकोनी लागवडीपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास. आखणी किचकट असते, दोरी धरण्याआधी कृषी सहायकाला बोलवा.