एमआरआयच्या कागदाला घाबरू नका

मी डिचोलीत मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीचालक) आहे, वय ३८. महिनाभर कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली डिस्क सरकल्याचं आलंय. ऑपरेशन करून मोकळा होऊ का?

एवढ्यात नको. पाठ अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी निम्म्या लोकांत फुगलेली डिस्क दिसते. तुमची कळ खरी आहे, पण कागदावरच्या शब्दांनी हाय खाऊ नका. डिस्कमधला जो गर बाहेर येऊन शिरेला टेकतो, तो शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात. म्हणून बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो.

तोवर अंथरूण धरू नका. सोसेल तेवढं चाला, वेदनाशामक डॉक्टरांना विचारूनच घ्या, फिजिओथेरपी सुरू करा. काही दिवस लांबची भाडी सोडा. पावसाळ्यातल्या खड्ड्यांचे दणके सध्या तुमच्या कमरेला परवडणार नाहीत. अंगठा वर उचलता येत नसेल, चालताना चप्पल पायातून निसटत असेल, तर मात्र लगेच दाखवा. आणि लघवी अडली, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर रात्र असली तरी थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा. तिथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

आईचं वय ६४, राहते पेडण्याला. गुडघ्यांची झीज झालीय. आदोळीवर (विळीवर) बसली की उठताना रडकुंडीला येते. शेजारणी म्हणतात, चालू नको, गुडघे आणखी झिजतील.

शेजारणींचं ऐकू नका. बसून राहिलं की मांडीचे स्नायू सुकतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. आईंना खुर्चीत बसवा. एक पाय समोर सरळ करून मांडी घट्ट आवळायला सांगा, पाच आकडे मोजून पाय खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ, दोन-तीन महिने नेमाने केलं तर फरक जाणवेल. आदोळी ओट्यावर किंवा टेबलावर घट्ट बसवून द्या, एवढं मुलांनी करायलाच हवं! वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. गुडघा बदलायचा विचार हे सगळं करूनही रात्रीची झोप मोडत असेल तेव्हा.

फोंड्याहून : मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद सुजला, चादरही सोसेना. आदल्या दिवशी बिअर आणि तिसऱ्या (शिंपल्या) झाल्या होत्या. युरिक ॲसिड नॉर्मल आलं. बिअर सोडून फेणी घेतली तर?

लक्षणं गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताची वाटतात. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. बिअर जास्त वाईट हे खरं, पण फेणीही दारूच, तिनेही झटका येतो. तिसऱ्या, सुंगटं (कोळंबी) बेताने खा. अंगात ताप असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बोटं मोडल्याने संधिवात होतो का?

नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. मोडताना दुखत किंवा सुजत असेल, तरच दाखवा.