बाबांचा जुना लॅपटॉप: मशीन सोपं, मराठी अवघड

तुमचा प्रश्न असा की बाबांचा 2015 चा लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, विंडोज 10 आहे, दुकानदार म्हणतो भंगारात काढा; विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर चालेल का? चालेल की. पण शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'बाबांच्या थोड्या मराठी फाइल्स आहेत', खरी मेख तिथे आहे.

वेगाचं आधी उरकतो. टास्क मॅनेजर उघडा, म्हणजे मशीनचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा विंडोजचाच प्रोग्राम. डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर चिकटून बसला असेल तर बिचाऱ्या प्रोसेसरला बोल लावू नका. त्या वेळच्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपमध्ये मिनिटाला 5400 फेरे घेणारी डिस्क असायची. म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइल्स इकडून तिकडून गोळा करतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी घ्या, 256 जीबी पुष्कळ झाली. रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) जागा रिकामी असेल तर 4 जीबीची 8 करून टाका.

विंडोज 10 ची नेहमीची अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, तुमचं मशीन त्याच्या आधीचं. आडवाटेने टाकता येतं, पण बाबांच्या मशीनवर असले खेळ मी करणार नाही. लिनक्सचाच एक प्रकार म्हणजे लिनक्स मिंट; त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरूनच सुरू करून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालले तरच पुढे जा.

आता मराठी. माझ्या सासऱ्यांनी सोसायटीची पंधरा वर्षांची इतिवृत्तं डीटीपीच्या (छपाईसाठी संगणकावर पानं लावण्याच्या) जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. मी मोठ्या हौसेने मिंट टाकलं, फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा! फाइल बिघडली नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरच, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरीचं चित्र रंगवतो. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. म्हणून विंडोज पुसण्याआधी सी ड्राइव्हमधलं फॉन्ट्सचं फोल्डर आख्खं कॉपी करून घ्या. बाबांचे फॉन्ट मिंटमध्ये टाकले की फाइल्स निदान वाचता येतात.

कायमचा इलाज म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर; त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो. इथे मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो. टाइपरायटरच्या सवयीने जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. रफाराचं उलटं: 'सूर्य'मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये य नंतर यायचा, युनिकोडमध्ये र आधी येतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही सगळी उचलठेव करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो गडबडतो. त्यातून 'वऱ्हाड', 'दुसऱ्या'मधला आडवा र हिंदीला लागतच नाही, त्यामुळे हिंदीवर बेतलेले प्रोग्राम त्याचं काहीही करतात. सासऱ्यांच्या इतिवृत्तातले सगळे 'दुसऱ्या मजल्यावरचे' सभासद विचित्र झाले होते, आणि ते त्यांनीच चष्मा लावून शोधून काढलं, मी नाही. तेव्हा एका वेळी एकच फाइल, आणि वाचायला बाबांनाच बसवा.

आणखी एक: बाबा टाइपरायटरच्या पद्धतीने टाइप करत असतील तर युनिकोड मराठीसाठीचा प्रमाण कळफलक, इनस्क्रिप्ट, त्यांना परका वाटणार. सासऱ्यांना हात बसायला दोन महिने लागले, तेवढ्यात माझा बराच उद्धार झाला.

जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, यूएसबीच्या डबीत घालून कपाटात ठेवा. आणि बाबांची एक फाइल उघडून फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतंय ते इथे लिहा, मग कोणता प्रोग्राम वापरायचा ते सांगतो.