वाचकांचे प्रश्न : इपॉक्सी ओघळून जातं, सांधा पक्का कसा करायचा?

प्रश्न : लाकडी खुर्चीचा पाय खाचेत सैल झालाय, साधारण 2 मिलिमीटरची फट आहे. इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावलं तर ते ओघळून गेलं आणि थोड्याच दिवसांत पाय परत हलायला लागला. आता त्यात टाल्कम पावडर घालून घट्ट करू का? हार्डनर थोडं जास्त घातलं तर जास्त पक्कं बसेल का?

उत्तर : हार्डनर अजिबात वाढवू नका. फायबरग्लासच्या कामातल्या पॉलिस्टर रेझिनला कॅटॅलिस्ट (ते कडक व्हायला लावणारं रसायन) कमीजास्त करून वेग बदलता येतो, इपॉक्सीत तसं चालत नाही, इथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात आणि जास्तीचं हार्डनर तसंच उरून सांधा मऊ पडतो.

टाल्कमने मिश्रण घट्ट होईल हो, पण जोर येणाऱ्या सांध्याला ते नको. मायक्रोबलूनही नको, त्या काचेच्या पोकळ गोळ्या असतात, वजनाला हलक्या आणि घासायला सोप्या म्हणून वरची लेव्हल करायला उत्तम, पण ताकद कमी. तुम्हाला हवी फ्यूम्ड सिलिका, म्हणजे अगदी बारीक, हलकी पांढरी पूड. तिने इपॉक्सी लावलं तिथेच थांबतं आणि दाबलं की सरकतं. वाळल्यावर घासायला मात्र जाम कठीण, म्हणून बाहेर आलेलं ओलं असतानाच पुसून घ्या.

पण माझ्या मते तुमचा सांधा नुसतं ओघळल्यामुळे सुटला नसणार. लाकडाचं कापलेलं टोक रेझिन भराभर पिऊन टाकतं आणि सांध्यात काही उरतच नाही, घट्ट मिश्रण थेट लावलं तरी हेच होतं कारण त्यातलं रेझिन लाकूड ओढून घेतं आणि मागे कोरडी पूड राहते. म्हणून आधी जुना गोंद, पॉलिश, मागचं इपॉक्सी सगळं खरवडून 80 नंबरच्या सँडपेपरने खरखरीत करा, मग फिलर, म्हणजे घट्ट करणारी पूड, न घातलेलं इपॉक्सी ब्रशने दोन्हीकडे लावा, थोडा वेळ थांबा, जिथे कोरडं दिसेल तिथे परत लावा. ही पायरी कधीच गाळू नका!

आता उरलेल्यात सिलिका. रेझिन-हार्डनर पूर्ण एकजीव झाल्यावरच घालायची, थोडी थोडी, आणि मास्क लावून, कारण ती इतकी हलकी असते की हवेत उडून थेट नाकात जाते. काडी उचलल्यावर वर आलेलं टोक तसंच उभं राहिलं पाहिजे पण चकाकी टिकली पाहिजे, टोक कोरडं आणि रवाळ दिसायला लागलं तर सिलिका जास्त झाली, ते लाकडाला नीट धरणार नाही. मिश्रण भांड्यात ढीग करून ठेवू नका, ते स्वतःच तापतं आणि हातातच घट्ट होतं, पसरट ताटलीत काढा.

क्लॅम्प हलकाच लावा, कडेने बारीक रेघ बाहेर आली की बास, करकचून आवळलात तर सगळं बाहेर येईल. आणि दुसऱ्या दिवशी कडक लागलं तरी लगेच खुर्चीवर बसू नका, पूर्ण ताकद यायला काही दिवस, थंडीत त्याहून जास्त लागतात.