इंदूरमध्ये राहून लो-कार्ब (कमी कर्बोदकांचा) आहार पाळायचा तर पोहे सोडावेच लागतील का?

हो, रोजचे तरी सोडाच. कोरड्या ५० ग्रॅम पोह्यांत जवळपास ३८ ग्रॅम कार्ब असतात, जिलेबी वेगळीच. दिवसाला ८० ग्रॅमची मर्यादा असेल तर निम्मा कोटा नाश्त्यातच संपतो. त्याऐवजी दोन अंडी किंवा १०० ग्रॅम पनीर परतून घ्या. सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातला गराडू म्हणजे कंदच, आणि भुट्ट्याचा कीस मक्याचा, दोन्ही नकोत.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तरी हुरळू नका. ते बहुतेक पाणी असतं: ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठलेल्या कार्बच्या, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी निघून जातं. सोबत मीठही जातं, म्हणून डोकं दुखतं, पायात गोळे येतात. रक्तदाबाचा त्रास नसेल तर पातळ ताकात मीठ घालून प्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.