मुलगा नर्सिंगला जातो म्हणतो, तेव्हा

बारावीचे निकाल लागले की कणकवलीत माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांची वर्दळ वाढते, आणि मुलाच्या डोक्यातून नर्सिंग कसे काढावे, हा प्रश्न अलीकडे बऱ्याचदा कानावर येतो. असाच प्रश्न घेऊन देवगड किनाऱ्यावरचे एक मच्छीमार गृहस्थ मुलाला घेऊन आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. 1 जूनपासून मासेमारी बंदी असल्याने ट्रॉलर किनाऱ्याला लागला होता, म्हणून त्यांना सवड मिळाली होती. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, माझ्या झिलाक लोक शिस्टर म्हणतले."

मुलगा शांत होता. त्याच्या आजोबांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून ते अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि रात्री त्यांची कूस बदलण्याचे काम याच्याकडे आहे. त्याने पिशवीतून एक शाळकरी वही काढली. तीत दर दोन तासांच्या नोंदी होत्या: डावी कूस, उजवी कूस, पाठ, आणि मध्येच एके ठिकाणी "माकडहाडाजवळ लाल, तिकडे झोपवायचे नाही". एकाच कुशीवर पडून राहिल्याने जखम होण्याआधीची लाली त्याच्या नजरेला आपोआप पडू लागली होती. ही नजर शिकवायला परिचर्येच्या शिक्षकांना बराच काळ खर्चावा लागतो.

तरीही पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. वडिलांचे मन राखण्यासाठी मी लॅब टेक्निशियन आणि एक्स-रे हे पर्याय सुचवले. मुलगा म्हणाला, "त्यात माणूस येतो आणि जातो. मला त्याच्याजवळ थांबायचं आहे." त्यानंतर मी ते पर्याय पुन्हा काढले नाहीत.

अशा वेळी आपण पालकांना सांगतो की रुग्ण उचलायला ताकद लागते, अतिदक्षता विभागात पुरुष हवेच असतात. मला हे समर्थन पटत नाही, कारण त्यात मुलाला हमाल म्हणून स्वीकारले जाते आणि स्पर्श, स्वच्छता, निरीक्षण ही खरी परिचर्या पुन्हा बायकांच्याच वाट्याला ढकलली जाते. हे काम मुळातच बायकांचे होते, असेही नाही. युरोपात मध्ययुगात पुरुषांचे धार्मिक संघ रुग्णसेवा करीत. 1860 मध्ये लंडनला सुरू झालेल्या, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेत मात्र फक्त स्त्रियांनाच प्रवेश होता, आणि पुढे तोच साचा जगभर गेला.

वडिलांशी मी इतिहास बोलले नाही. ट्रॉलरवर आठ-आठ दिवस जेवण कोण करते, दोरात हात अडकून कापला तर तो कोण बांधते, एवढेच विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमीच."

अडचणी मात्र मी दोघांपासून लपवल्या नाहीत. एम्सने 2019 मध्ये नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवण्याचे ठरवले, त्यामुळे तिथे मुलांची स्पर्धा उरलेल्या 20 टक्क्यांत गेली. काही स्त्री-रुग्ण ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, नकार देतील. तो त्यांचा हक्क आहे आणि त्याचा अपमान वाटून घ्यायचा नाही. खाजगी अंगांशी संबंधित कामात आधी संमती घ्यावी लागते आणि सोबत स्त्री सहकारी लागते. उलट लघवीची नळी घालताना सिस्टरसमोर संकोचणारे पुरुषही असतात, त्यांना ब्रदर आला की हायसे वाटते. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे आणि जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला तीन वर्षे लागतात, हा हिशेबही आम्ही वसतिगृहाच्या खर्चासह मांडला. लग्नाची काळजी वडिलांनी दोनदा बोलून दाखवली. तिला माझ्याकडे खात्रीचे उत्तर नव्हते आणि मी तसे सांगितले.

त्यांना माझ्या ओळखीच्या एका ब्रदरशी मी भेट घालून दिली. मुलाने रात्रपाळीबद्दल विचारले. वडिलांनी विचारले की रुग्णाचे मलमूत्र काढताना किळस वाटत नाही का. "पहिले काही महिने वाटली. नंतर त्या माणसाचा चेहरा आधी दिसतो," असे उत्तर मिळाले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ते दोघे पुन्हा आले. अर्ज भरून झाला होता, वडिलांची सही होती. आता वडिलांचा प्रश्न वेगळाच होता: हा गेल्यावर आजोबांची कूस कोण बदलणार, कारण ऑगस्टपासून ते स्वतःही समुद्रावर जाणार होते. आईने आणि शेजारच्या चुलत्यांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या, आणि बंदीच्या दिवसांत मुलाने वडिलांसह तिघांनाही एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली घालून हळू वळवायला शिकवले होते. त्याने वही माझ्यापुढे उघडली. मधल्या पानांवर रात्री दोनच्या नोंदी वेगळ्याच, जाड आणि वाकड्या अक्षरात होत्या. "ते बाबांचे," तो म्हणाला. वडील तोवर छत्री उचलून दाराकडे निघाले होते.